प्लाझ्माची एक मिलिसेकंद आणि आमचे तीन आठवडे

मेघा_लालबाग | शनिवार, रात्री १०:२०

गेल्या रविवारी जेवताना बाबांनी विचारलं, "तुझं ते गणित सुटलं का गं?" म्हटलं, अजून सहा दिवस लागतील. "आणि आहे किती वेळाचं ते?" म्हटलं, जेमतेम एका मिलिसेकंदाचं. बाबांनी बेस्टमध्ये तीस वर्षं वेळापत्रकं सांभाळली आहेत. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. "एका मिलिसेकंदाला तीन आठवडे? मग त्या भट्टीत पुढे काय होणार, ते तुम्हाला कळणार कधी?"

त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे मांडून बघते. हलक्या अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा काढणं म्हणजे फ्यूजन. त्यासाठी वायू इतका तापवतात की इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे होतात, तोच प्लाझ्मा. या फ्यूजन प्लाझ्माच्या सिम्युलेशनचा एक कोड जीपीयूवर, म्हणजे हजारो गणितं एकाच वेळी करणाऱ्या चिपवर, नेण्याचं काम मी करते. या विषयावर मराठीत बोलायला फारसं कुणी भेटत नाही, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी अडचण काय ते. फ्रान्समध्ये कादाराशला इटर नावाचा टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा धरून ठेवणारं यंत्र, उभा राहतोय. मेदूवड्याच्या आकाराच्या त्या पोकळीत सुमारे ८४० घनमीटर प्लाझ्मा असेल, तापमान १५ कोटी अंश सेल्सियस. दर घनमीटरला १ वर २० शून्यं इतके इलेक्ट्रॉन. ५.३ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात यातला प्रत्येक इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १४८ अब्ज गिरक्या घेतो. पण आपल्याला हवं असलेलं उत्तर, म्हणजे आतली उष्णता बाहेर किती लवकर गळते, ते काही सेकंदांत ठरतं. अंतरांचंही तेच. विद्युतभार एकमेकांना झाकतात ते अंतर मिलिमीटरचे सात शतांश, आणि वड्याच्या मध्यापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंतचं अंतर ६.२ मीटर. सगळं जसंच्या तसं मोजायचं तर पिकोसेकंदाहून लहान पावलं टाकत काही सेकंद चालावं लागेल, आणि प्रत्येक पावलाला अब्जावधी अब्ज कणांचा हिशोब. जगातल्या कुठल्याही संगणकाला हे झेपणारं नाही.

मग काय करायचं? मी लालबागची, मला मिरवणूकच आठवते. अनंत चतुर्दशीला सकाळी निघालेली मूर्ती गिरगाव चौपाटीला पोचते तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला असतो. मिरवणुकीत नाचणारा प्रत्येक जण गिरक्या घेत असतो. भायखळ्याच्या पुलावर उभ्या असलेल्या हवालदाराला मूर्ती कधी येणार हे सांगायचं असेल, तर तो कुणाच्या गिरक्या मोजत नाही. घोळका किती सरकला तेवढं बघतो.

जायरोकायनेटिक पद्धत हेच करते. चुंबकीय रेषेभोवती फिरणारा कण सोडून द्यायचा आणि त्याच्या फेरीचं एक कडं धरायचं. कडं कुठे सरकतंय ते मोजायचं, कण कड्यावर नेमका कुठे आहे ते विसरायचं. १९६८ च्या सुमाराला या विचाराची सुरुवात झाली, १९८२ मध्ये फ्रीमन आणि लियू चेन यांनी प्लाझ्मातल्या खळबळीला, म्हणजे टर्ब्युलन्सला, लागू पडतील अशी समीकरणं दिली, आणि १९८३ मध्ये प्रिन्स्टनच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ली यांनी ती संगणकावर कणांसह चालवून दाखवली. फायदा आकड्यात सांगते. कणाची जागा सांगायला तीन आकडे, वेग सांगायला तीन. अशा सहा मितींत प्रत्येकीला फक्त १०० खुणा धरल्या, तर नुसतं एक चित्र साठवायला ८ टेराबाइट लागतात. गिरकीतली जागा विसरलात की मिती उरतात पाच, आणि तेच चित्र ८० गिगाबाइटमध्ये मावतं. शिवाय सगळ्यात वेगवान हालचालच गेली, म्हणून वेळेची पावलंही कितीतरी मोठी टाकता येतात.

एवढा वेग कुठल्याही चिपने दिलेला नाही. तो कागद-पेन्सिलीतून आला. माझं म्हणणं एवढंच, की सिम्युलेशन वेगवान करणं म्हणजे मुख्यतः काय वगळायचं ते ठरवणं, आणि वगळलं ते चाललं हे सिद्ध करणं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त वेळ खातो. तुम्हाला काय वाटतं?

---

कोडवाला_ठाणे | शनिवार, रात्री ११:०५

धागा आवडला. पण एक शंका. अमेरिकेतल्या फ्रंटियरसारख्या महासंगणकाने २०२२ मध्येच एक्झाफ्लॉपची, म्हणजे सेकंदाला १ वर १८ शून्यं इतक्या आकडेमोडींची, पातळी गाठली. तीन आठवड्यांचं काम दहापट जीपीयूंवर टाका, दोन दिवसांत संपेल. वगळायची गरजच काय?

---

मेघा_लालबाग | शनिवार, रात्री ११:४८

नाही संपत. ॲमडालचा नियम तुम्हाला माहीतच असेल. कामाचा ५ टक्के भाग जरी एकामागोमागच करावा लागणारा असला, तरी कितीही प्रोसेसर लावा, वीसपटीच्या पुढे जाता येत नाही. आमच्याकडे तो भाग म्हणजे विद्युतक्षेत्र सोडवणं. प्रत्येक पावलाला सगळ्या नोडनी, म्हणजे महासंगणकात जोडलेल्या एकेका संगणकाने, आपापला भार सांगायचा, एकत्र उत्तर काढायचं आणि मग पुढे जायचं. पूर्ण डबा भरल्याशिवाय लोकल सुटत नाही असा प्रकार.

जीपीयूंची दुसरी अडचण बेरीज-गुणाकाराची नाहीच, मेमरीची आहे. जीपीयूवर एकाच वेळी चालणारी हजारो कामं (थ्रेड) आपापल्या कणाचा भार जागेवर आखलेल्या जाळीच्या चौकटीत टाकायला धावतात. दोघांनी एकाच वेळी एकाच चौकटीत लिहिलं की एकाला थांबावं लागतं. म्हणून आधी कण जागेनुसार लावून घ्यायचे, म्हणजे शेजारी कण मेमरीतही शेजारी येतात. एवढ्याने आमच्या कोडमध्ये पडलेला फरक कुठल्याही चतुर गणितापेक्षा मोठा होता.

आणि माझी एक चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कुणाकडूनही होऊ शकते. वेग मिळावा म्हणून मी सगळं सिंगल प्रिसिजनमध्ये टाकलं. त्यात साधारण सातच अंक टिकतात. लाखो बारीक भार एका मोठ्या बेरजेत मिळवत गेलं की बारीक आकडे शेवटी मोजलेच जात नाहीत. उष्णतेचा प्रवाह दिसायला अगदी शहाण्यासारखा होता, म्हणून तीन आठवडे मी निर्धास्त होते. एकूण ऊर्जेचा आलेख काढला तेव्हा ती हळूहळू वर सरकत गेलेली दिसली. सगळा रन टाकून द्यावा लागला. आता कण सरकवणं सिंगलमध्ये, बेरजा जास्त अंक टिकवणाऱ्या डबल प्रिसिजनमध्ये, आणि ऊर्जेचा आलेख दर तासाला.

---

ट्रॉम्बे_निवृत्त | रविवार, सकाळी ७:१५

मेघाताई, तुमचा लेख सकाळच्या चहाबरोबर दोनदा वाचला. मी १९७२ साली नोकरीला लागलो. आमची गणितं कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सीडीसी ३६०० वर चालत. कार्डांचा गठ्ठा द्यायचा, उत्तर दुसऱ्या दिवशी. एका कार्डावर एक स्वल्पविराम चुकला की दिवस गेला. त्यामुळे काय वगळता येईल याचा विचार आम्ही कार्डं पंच करायच्या आधीच पुरता करत असू.

आमचं क्षेत्र अणुभट्टीतले न्यूट्रॉन. न्यूट्रॉनची दिशा वगळून फक्त त्यांची दाटी धरायची, म्हणजे विसरण सिद्धांत. गणित एकदम आटोपशीर होतं आणि भट्टीच्या मध्यभागी सुंदर उत्तर देतं. पण न्यूट्रॉन गिळणाऱ्या नियंत्रण-दांड्याशेजारी, किंवा कडेला, तेच गणित फसवतं, कारण तिथे दिशेला महत्त्व येतं. जे वगळलं ते नेमकं कुठे परत दार ठोठावेल हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच वगळावं, असं आमचे वरिष्ठ सांगत.

दुसरी गोष्ट. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत नियंत्रित फ्यूजन साधेल असं त्यांनी तिथे सांगितलं होतं. तसं झालं नाही, आणि त्याचं एक मोठं कारण तुमच्याच विषयात आहे. कणांच्या टकरींवरून हिशोब केला तर उष्णता सावकाश गळायला हवी होती. प्रत्यक्षात ती कितीतरी वेगाने गळाली, कारण प्लाझ्मा खळबळतो. ही खळबळ मोजण्याचं साधन त्या पिढीकडे नव्हतं. तुमच्या पिढीकडे आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो.

---

मेघा_लालबाग | रविवार, सकाळी ९:३०

काका, 'परत दार ठोठावेल' यावर मला एक खरी गोष्ट सांगायलाच हवी.

प्लाझ्मातले भोवरे दोन जातींचे. आयनांचे (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंचे) मोठे, इलेक्ट्रॉनांचे बारीक. ड्युटेरियम या जड हायड्रोजनसाठी दोघांत आकाराचा फरक सुमारे ६० पट, वेगाचाही तेवढाच. दोन्ही एकत्र मोजायचे तर लांबीला ६०, रुंदीला ६०, वेळेला ६०. गुणाकार केलात तर खर्च २,१६,००० पट. म्हणून वर्षानुवर्षं सगळे नुसते मोठे भोवरे मोजत. समजूत अशी, की मोठा भोवरा बारकांना चिरडून टाकतो.

पण एमआयटीच्या अल्केटर सी-मॉड या टोकामॅकवर इलेक्ट्रॉनांमार्फत जितकी उष्णता जात होती, तितकी या हिशोबात सापडेना. मग नेथन हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी धाडस केलं, दोन्ही जाती एकत्र मोजल्या. एका सिम्युलेशनला दीड कोटी प्रोसेसर-तास: १७,००० प्रोसेसर, ३७ दिवस. दिसलं ते असं, की बारीक भोवरे मरत नाहीत. मोठ्यांच्या सोबतीने जगतात, आणि दोघे एकमेकांची ताकद बदलतात. हरवलेली उष्णता तिथे सापडली.

माझ्यासाठी या कामाची किंमत त्या ३७ दिवसांत आहे. कुणीतरी एकदा सगळा खर्च सोसून पूर्ण हिशोब केला, म्हणून बाकीच्यांना कळलं की आपली काटछाट कुठे चुकते. वेगवान पद्धतींना अशा संथ रनांची गरज कायम राहणार आहे.

---

सायली_अंधेरी | रविवार, दुपारी १२:१०

मी मशीन लर्निंगमध्ये काम करते, फ्यूजनमध्ये नवखी आहे. पण मला हे नैसर्गिकच वाटतं: महागडी सिम्युलेशन्स एकदा पुष्कळ चालवा, त्यावर न्यूरल नेटवर्क शिकवा, मग उत्तर क्षणात. असं कुणी केलंय का?

---

मेघा_लालबाग | रविवार, दुपारी १:०२

केलंय, आणि चांगलं केलंय. क्वालिकिझ नावाचा एक कोड आहे. तो खळबळीचा पूर्ण खेळ न खेळता तिच्या सुरुवातीच्या वाढीवरून उष्णतेचा अंदाज बांधतो, त्यामुळे तो आधीच पूर्ण जायरोकायनेटिक गणितापेक्षा लाखो पट स्वस्त. त्याची सुमारे ३० कोटी उत्तरं काढून २०२० मध्ये एक नेटवर्क शिकवलं गेलं. तापमानाचा उतार, घनतेचा उतार, चुंबकीय पीळ अशी दहा माहिती द्या, उष्णतेचा प्रवाह घ्या. गुगल डीपमाइंडने २०२४ मध्ये टोरॅक्स नावाचा खुला कोड दिला, त्यात हे नेटवर्क बसवता येतं. लॅपटॉपवर चालतं. जिथे तास लागायचे तिथे काम सेकंदांवर येतं.

---

ट्रॉम्बे_निवृत्त | रविवार, दुपारी ४:४०

सायलीताई, मनात एक काळजी आहे. आमचा संगणक चुकला की निदान उत्तर वेडंवाकडं यायचं, छापलेला आकडाच ओरडून सांगायचा. तुमचं नेटवर्क न पाहिलेल्या प्रदेशात गेलं की काय करतं?

---

सायली_अंधेरी | रविवार, सायंकाळी ६:२५

खरं सांगायचं तर तिथेही ते तितक्याच आत्मविश्वासाने आकडा देतं. म्हणून आम्ही एकाऐवजी दहा नेटवर्कं वेगवेगळ्या सुरुवातीने शिकवतो. दहाही जणांची उत्तरं जवळजवळ आली तर माहितीच्या हद्दीत आहोत. पांगली तर थांबायचं आणि मूळ कोडलाच विचारायचं. ही पांगापांग हाच आमचा इशारा. मूळ कोडचं ते नवं उत्तर परत शिकवणीत घालता येतं, म्हणजे हद्द हळूहळू वाढते. पण काका, मूळ कोडमध्येच काही वगळलेलं असेल, समजा ते बारीक भोवरे, तर दहाही नेटवर्कं एकमताने चुकतील. यावर माझ्याकडे उपाय नाही.

---

मेघा_लालबाग | रविवार, सायंकाळी ७:०५

सायली, शेवटची दोन वाक्यं मला छापून टेबलावर लावायची आहेत.

---

कल्याण_स्लो | रविवार, रात्री ९:००

विरोधासाठी विरोध करत नाही, पण आपला याच्याशी संबंध काय? यंत्र फ्रान्समध्ये, महासंगणक अमेरिकेत.

---

मेघा_लालबाग | रविवार, रात्री ९:३५

संबंध थेट आहे. इटरच्या सात भागीदारांत भारत आहे. त्याचं शीतकवच (क्रायोस्टॅट), म्हणजे सगळं यंत्र ज्यात बसतं ती निर्वात टाकी, सुमारे ३० मीटर उंच आणि ३,८०० टनांहून जड, लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळ हजिऱ्याला घडवून तुकड्यांनी पाठवलं. गांधीनगरच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेत आदित्य हा टोकामॅक १९८९ पासून, नंतर एसएसटी-१. शिवाय या क्षेत्रात पोलाद नसलेल्यालाही वाटा मिळतो. चांगला अल्गोरिदम पवईच्या खोलीतही सुचू शकतो.

उदाहरण देते. सगळे जण जागा वाटून घेतात: हा तुकडा या नोडला, तो त्या नोडला. वेळ कशी वाटणार? दहावं पाऊल नवव्याशिवाय पडत नाही. २००१ मध्ये लिओन्स, मादे आणि तुरिनिची यांनी पॅरारियल पद्धत मांडली. आधी एका ढोबळ, स्वस्त कोडने सगळा काळ भराभर चालून जायचं. मग काळाच्या प्रत्येक तुकड्यावर अचूक कोड एकाच वेळी लावायचा, ढोबळ उत्तरातला फरक दुरुस्त करायचा, आणि फरक मिटेपर्यंत हे परत करायचं. खळबळीत हे टिकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, कारण तिथे सुरुवातीची बारीक चूक झपाट्याने फुगते. देबस्मिता समद्दर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्लाझ्माच्या पूर्ण खळबळीवर ते चालवून दाखवलं. तो शोधनिबंध वाचला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. या क्षेत्रात आले ती त्यामुळेच.

---

कोडवाला_ठाणे | रविवार, रात्री १०:२०

आणि तुमच्या मिरवणुकीत उडी मारता येते का? म्हणजे लालबागला दहा मिनिटं वेग बघितला, आता सरळ दोन तास पुढे?

---

मेघा_लालबाग | रविवार, रात्री ११:१०

येते. त्याला प्रक्षेपी पद्धत म्हणता येईल. बारीक गणित थोडा वेळ चालवा, त्यावरून तापमानाचा सरासरी उतार किती वेगाने बदलतोय ते काढा, आणि तो तेवढा पुढे ओढा. अडचण उडीत नसते, उतरण्यात असते. दोन तासांनंतरचा सरासरी वेग माहीत असला, तरी पुलावर कोण कुणाच्या शेजारी आहे ते आपल्याला माहीत नाही. माणसं अंदाजाने उभी केली तर गर्दी आधी वेडीवाकडी धक्काबुक्की करते, मग ठाकठीक होते. ती ठाकठीक होईपर्यंतचं गणित मोजायचं नाही, फेकून द्यायचं. किती फेकायचं हे कमी धरलं तर उत्तर चुकतं, जास्त धरलं तर उडीचा फायदा जातो. मी सध्या इथेच अडकले आहे. तापमान सावकाश बदलतं आणि भोवरे पटकन जुळवून घेतात, अशा ठिकाणी उडी छान बसते. प्लाझ्माच्या कडेला दोन्ही वेग जवळजवळ येतात. तिथे माझ्या उड्या अजून फसतात.

---

पार्ल्याचे_सर | सोमवार, सकाळी ८:१०

मेघा, मी महाविद्यालयात भौतिकी शिकवतो. टी.वाय.च्या दोन मुलांना हा धागा वाचायला दिला. त्यांना लॅपटॉपवर करता येईल असं काही सांगशील?

---

मेघा_लालबाग | सोमवार, सकाळी ८:५५

सर, एका मितीतला पार्टिकल-इन-सेल कोड, म्हणजे कण मोकळे सरकवायचे आणि विद्युतक्षेत्र जाळीवर सोडवायचं असा कोड, लिहायला सांगा, पायथॉनमध्ये दीडशे ओळींत होतो. इलेक्ट्रॉनांचे दोन सारखे झोत समोरासमोर सोडायचे, आयन स्थिर. झोत अस्थिर होतात आणि भोवरे तयार होतात, बघायला फार सुंदर. वेळेचं पाऊल प्लाझ्माच्या कंपनाच्या मानाने ०.१ ठेवा. ते २ च्या वर गेलं तर गणित फुटतं. पेटीची लांबी अशी धरा की सर्वांत वेगाने वाढणारी लाट तिच्यात नेमकी बसेल. आणि कण चौपट करून पाहायला सांगा: गोंगाट अर्धाच होतो, कारण तो कणसंख्येच्या वर्गमुळाने घटतो. आम्ही कणांचं संपूर्ण वितरण न मोजता फक्त सरासरीपासूनचा फरक का मोजतो, ते त्यांना तिथेच कळेल. भरतीची लाट मोजायला समुद्राची खोली मोजायची गरज नसते. लाट खोलीच्या एक टक्का असेल, तर आदर्श स्थितीत कण दहा हजार पटींनी कमी पुरतात.

थंड झोतांसाठी, म्हणजे एका झोतातल्या सगळ्या कणांचा वेग सारखा असेल तर, वाढीचा दर कागदावर काढता येतो: प्लाझ्मा कंपनाच्या ०.३५ पट. त्याच्याशी ताडून बघा.

---

पार्ल्याचे_सर | गुरुवार, रात्री ८:३०

मुलांनी केलं. भोवरे दिसले तेव्हा प्रयोगशाळेत सगळे गोळा झाले. कण १०,००० वरून ४०,००० केले तर गोंगाट निम्म्यावर आला, अगदी तू म्हणालीस तसा. पण वाढीचा दर ०.६९ येतोय. पाऊल लहान केलं, जाळी बारीक केली, आकडा हलत नाही. मुलं तीन दिवस चूक शोधताहेत.

---

मेघा_लालबाग | गुरुवार, रात्री ८:४२

सर, पाऊल आणि जाळी बदलून आकडा हलला नाही हे त्यांनी तपासलं, यातच अर्धं काम झालं. त्यांनी आलेख कशाचा काढलाय, विद्युतक्षेत्राचा की त्याच्या ऊर्जेचा?

---

पार्ल्याचे_सर | गुरुवार, रात्री ९:०५

ऊर्जेचा.

---

मेघा_लालबाग | गुरुवार, रात्री ९:०७

मग कोड बरोबर आहे. ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती दुप्पट दराने वाढते. ०.६९ ला दोनाने भागा.